सहावा फोन

...पण सही मी करणार नाही, काका — चहा घ्या आधी, निवतोय. साहेबांनी राजीनामा टाइप करून तुम्हाला घरी पाठवलं, माझ्या ड्रॉवरची किल्लीही मागवली, सगळं रीतसर झालं. पण राजीनामा मी दिलाय कधी? यांनी परस्पर ऑफिसात फोन केला होता? बरं. हे तुमच्याकडून कळायचं होतं मला. — नाही हो, भांडण कसलं? या घरात भांडण होत नाही, तेच तर अवघड आहे.

आठवतं, ऑफिसात फ्रिजच्या तक्रारींच्या फोनना मी 'ॲज सून ॲज पॉसिबल' असं उत्तर द्यायचे आणि लोक आणखीच भडकायचे? साहेब म्हणाले, हे बंद, दुसरे शब्द काढ. काढले. एका माणसाला एकच शब्द दोनदा ऐकवायचा नाही, हा नियमही माझाच. पहिल्या फोनला 'लगेच', दुसऱ्याला 'लवकरात लवकर', मग 'दोन-चार दिवसांत', मग 'प्राधान्याने' आणि पाचव्याला 'यथावकाश'. सहावा फोन येतच नाही, काका. माणूस थकतो. यादी भिंतीवर लागली, मला शाबासकी मिळाली — तुम्हीही टाळ्या वाजवल्यात.

आता इथलं ऐका — हळू कशाला बोलू, सासूबाईंनी टीव्हीचा आवाज मघाशीच कमी केलाय. लग्न ठरताना सासरे म्हणाले, नोकरी? लगेच जा की, कोण नको म्हणतंय. लग्न झाल्यावर — पाहुणे गेले की. मग सासूबाई — जरा घर अंगवळणी पडू दे. मग हे — पुढच्या महिन्यात नक्की. गोड माणसं सगळी, 'नाही' म्हणून कुणाच्या जिभेवर येत नाही. आणि परवा जेवताना विचारलं, तर सासरे ताटातून मान वर न करता म्हणाले, सवडीने बघू. घास हातातच राहिला माझ्या. ही तर माझीच यादी, काका. पाचव्या पायरीवर आणून उभी केली होती मला, आणि मी सहाव्यांदा विचारणारच नव्हते. मूग गिळून बसणारी ना मी — तुम्हीच म्हणायचात.

एक म्हातारे मास्तर होते, त्यांना बायकोचं इन्सुलिन ठेवायला फ्रिज दुरुस्त करून हवा होता. त्यांनाही पाचव्या खेपेला मी 'यथावकाश' म्हणाले. "बरं, बाळ," म्हणाले ते. नंतर फोन नाही. — हे यांनासुद्धा सांगितलं नव्हतं, तुमच्यापुढे कसं निघून गेलं कोण जाणे. त्यांचा नंबर त्याच ड्रॉवरमध्ये आहे. म्हणून किल्ली मिळायची नाही. हा कागद आला तसा परत न्या. साहेबांना सांगा, उद्या सकाळी दहाला येते. — नाही, 'लवकरच येते' नका सांगू. दहाला.

टीव्ही बंद झाला वाटतं. बरं झालं. ऐकलंत ना, आई? दहाला.

या आता, काका. कप राहू द्या तिथंच.