टेबल टेबलच राहतं का

सर्व संतांचा दिवस, गेलेल्यांच्या कबरींवर फुलं नि दिवे ठेवायचा. क्राकूवच्या दफनभूमीकडे निघालेली ट्राम शेवंतीच्या कुंड्यांनी गच्च भरली होती. नवऱ्याला जाऊन आठ महिने झालेली लुत्सिना आपली कुंडी मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

“अगं स्तेफा, हा तिसरा दिवा कुणाला?”

“आमच्या वरच्या मजल्यावरच्या कवीला. त्याच्या मागे कुणी नाही ना.”

“तो वेडपट?”

“एकदा दार वाजवून विचारतो कसा, बाई, तुम्ही खोलीतून बाहेर गेलात की टेबल टेबलच राहतं का हो?”

“मग?”

“म्हटलं, मला काय माहीत? मी नसताना मी तिथे कधी गेलेलीच नाही.”

“बरी जिरवलीस!”

“कसली जिरवतेय! तेच छापलं मेल्यानं पुस्तकात. माझं नावसुद्धा न घालता.”

“आणि तरी त्याला दिवा?”

“प्रश्न डोक्यात बसला ना माझ्या. आता दिवा लावते, निघते, चार पावलं जाते आणि झटकन मागे वळून बघते.”

“कशाला?”

“मी नसताना तो तिथे असतो का, ते बघायला.”

“असतो?”

“दिवा तरी असतो बाई. त्याचं म्हणशील तर, मला वळायला दर वेळी जरासा उशीर होतो.”

ट्राम थांबली. लुत्सिनानं नवऱ्याच्या कबरीवरची पानं हातानं झाडली, कुंडी ठेवली, दिवा लावला. मग ती फाटकाकडे निघाली. तीनच पावलं गेली आणि झटकन वळली.