नळावरची सायबाची बायको

दवाखान्यात नंबर यायला वेळ होता, म्हणून नीलिमानं पिशवीतली रशियन कादंबरी उघडली. शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनी मुखपृष्ठावर नजर टाकली आणि त्यांच्या गप्पा सुरू झाल्या.

“कस्तुरा, तुझे मालक असलीच पुस्तकं वाचायचे न्हाई का?”

“व्हय. कंपनीच्या गेटवर रशियन पुस्तकांची गाडी यायची. वाचलेलं सगळं जेवताना मला सांगायचे, अन् मी नळावर तुमाला.”

“कसले दिवस होते! ऐकता ऐकता हंडा भरून वाहायचा, तरी कुणी उचलायचं न्हाई.”

“त्यातली नावं जिभंवर बसंनात, द्रौपदा. म्हणून मी आपली नुसतं ‘सायबाची बायको’ म्हणायची.”

“दुसऱ्यात जीव गुंतलेली! आमाला वाटलं, आपल्या कॉलनीतल्या सायबाचीच. समद्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं.”

“कळलं होतं मला.”

“मग ती पुस्तकातली हाय, असं बोलली का न्हाईस?”

“लई बाया जमायच्या गं माझ्याभोवती.”

“अन् पुस्तकातल्या बाईचं शेवटी काय झालं? ते ऱ्हायलंच सांगायचं.”

“लोकांच्या बोलण्यापायी गाव सोडलं तिनं. तेच सांगायला नळावर आले, तर समोर आपल्या सायबाच्या बायकोच्या सामानाचा टेम्पो भरत होता.”