माझ्या मापाचा पोशाख

तुम्ही पोरी गाडीवर बसायला एवढी जाड जाकिटं घेताय, म्हणून सांगते. दुसरी मोठी लढाई संपल्यावर आमच्या ह्यांनी नगरच्या लष्करी कॅम्पातली जुनी मोटारसायकल घेतली. हे गुरांचे डॉक्टर. आज राजूरच्या पावसात, तर उद्या तिसगावच्या उन्हात. म्हणून शिंप्याकडे खाकी पाटलोण आणि मेणकापडाचा कोट शिवायला टाकला. मीही दुकानात होते. शिंप्याला म्हटलं, "मलाही ह्यांच्याबरोबर जायचंय. माझंही माप घ्या."

शिंपी म्हणाला, "वैनी, बाईमानसाच्या पाटलोनीचं माप मी घेनार न्हाई."

"नका घेऊ. माझ्या लुगड्याला कासोटा आहे. उन्हाला पदर आणि पावसाला घोंगडी. झाला माझा पोशाख."

तशीच बाहेर आले आणि भर बाजारात गाडीच्या मागच्या सीटवर दोन्हीकडे पाय टाकून बसले. हे धावतच आले.

"अगं, एका बाजूला बस. लोक बघतायत."

"बघू द्या. घोड्यावर बसणाऱ्या बायका काय एका बाजूला बसायच्या? तुम्ही चालवताय, की मी पुढं सरकू?"

ह्यांनी पुढं बसून किक मारली. मला गाडी चालवता येत नव्हती. पण 'तुला येते का?' असं विचारायची ह्यांची छाती झाली नाही.