पंख राहू दे

नाही, नाही, त्या खुर्चीत नका बसू भाऊ, ती यांची चालवायची खुर्ची आहे — जरा मागे सरकली की यांचा पाय ब्रेकला पुरत नाही आणि मग दिवसभर माझ्या नावाने शंख. इथे बसा, पलंगावर. घड्या घातलेले कपडे ढकला पलीकडे. येतीलच हे, खाली दाढी करायला गेलेत. तुम्ही येणार म्हणून. घरात रोज मी करते दाढी, पण आज काय — शाळेचा माणूस येणार, व्हॅनची चावी घेऊन येणार, आज न्हावीच पाहिजे! सकाळपासून युनिफॉर्मच्या शर्टाला तीनदा इस्त्री करायला लावली मला. मी म्हटलं, शर्ट चालवणार आहे का व्हॅन? तर हसले. अर्धांगाचा झटका आल्यापासून हा माणूस असा हसला नव्हता. म्हणून म्हणते, तुम्ही जे विचारताय ना — हात बरा झाला का, हात बरा झाला का — बरा झालाय. मी सांगते ना.

बरं, नुसत्या सांगण्यावर नाही तुमचा विश्वास. नसू दे. मुलं बसायचीत मागे, तुम्ही विचारणारच, मी तुमच्या जागी असते तर याच्याहून वाईट तोंडाने विचारलं असतं. हे बघा, टीव्ही लावते. हे स्टिअरिंग लेकीचं. ती टीव्हीवर गाडी पळवायचे असले खेळ खेळायची, नोकरीला परगावी गेली तेव्हा इथेच ठेवून गेली. व्यायाम शिकवायला बाई यायच्या, त्यांनी रबरी चेंडू दिला होता दाबायला — यांनी खिडकीतून रस्त्यावर भिरकावला. म्हणाले, मी काय तान्हं पोर आहे? उजवी बाजू गेलेली, पाय हळूहळू परत आला, जीभ परत आली — जीभ तर जरा जास्तच आली — पण हात काही ऐकेना. तेव्हा लेकीने सुट्टीत येऊन हे टेबलाला आवळून दिलं. म्हणाली, बाबा, चालवा. ड्रायव्हर माणूस, चाक हातात आलं आणि चेहराच बदलला.

पण ट्रॅक कुठला निवडावा? मोकळे, रुंद, दोन्ही बाजूंना हिरवळ असलेले ट्रॅक पडलेत तिथे ढिगाने. नाही. यांना शहरातलाच पाहिजे. दुकानं, इमारती, दोन्हीकडे भिंत, चुकलात की थेट भिंतीतच. म्हणाले, मी आयुष्यभर गल्लीबोळांतून पोरं नेली, मला माळरान काय दाखवता? आणि बसले. पहिल्या वळणाला भिंत. दुसऱ्यांदा, भिंत. उजवा हात चाकावर नुसता ठेवल्यासारखा, वळायची वेळ आली की उशिरा जागा व्हायचा. रोज तेच. एके दिवशी उठले, आत गेले, भिंतीकडे तोंड करून निजले ते जेवायलासुद्धा उठले नाहीत. मग मी लेकीला फोन लावला. म्हटलं, हे यंत्र घेऊन जा नाहीतर मला शिकव.

आता मी चार बुकं शिकलेली बाई, ते सगळं इंग्रजीत. पण ती फोनवरून सांगायची आणि मी पडद्यावरची पट्टी सरकवायची — डावीकडे, उजवीकडे, त्यात वाचायचं काय आहे? हे बघा, हा पंख. गाडीच्या मागचा. तो उभा केला की वारा गाडीला खाली दाबतो, सरळ रस्त्यावर गाडी सुस्त होते पण वळणात चिकटून राहते — गल्लीच्या ट्रॅकवर आपल्याला चिकटूनच राहायचंय, पळून कुठे जायचंय? मग ही स्प्रिंग, मऊ केली. आणि गाडी जमिनीपासून जरा उचलली, म्हणजे फुटपाथच्या कडेवर चढली तरी उडत नाही. यात काही लबाडी नाही हां. लेक म्हणाली, मोठेमोठे खेळणारेसुद्धा शहरातल्या ट्रॅकला असंच करतात. आणि फरक पडला! भिंत लागायची, पण पहिल्या वळणाला नाही. हे मला म्हणाले, अगं, हात हलतोय माझा. मी म्हटलं, हलणारच, न हलून सांगतो कोणाला.

काय? हो, यांना माहीत नाही मी पट्ट्या सरकवते ते. सांगायचं कशाला? मी भाजीत मीठ किती घातलं ते सांगते का?

थांबा, चालवूनच दाखवते, म्हणजे तुमच्या लक्षात येईल वळणं काय अवघड आहेत ती. हात ओले आहेत, भांडी घासत होते, असू दे. हा पायाखाली वेग. हे बघा निघाली. हे दुकान, इथून डावं वळण, इथे हे हमखास आपटायचे — आता बघा कशी झोकात — अरे देवा, चाक निसटतंय ओल्या हातातून, तो टॉवेल द्या हो जरा, तो तुमच्या मागे — हां — आणि तुमची धाकटी कशी आहे? यांच्याच व्हॅनमध्ये असायची ना ती, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून सगळ्या रस्ताभर गाणी म्हणायची, हे घरी येऊन तिची गाणी मला म्हणून दाखवायचे, बेसूर —

काय झालं? असं काय बघताय?

हो. सोडलेत हात. पुसतेय ना. हो, वळली. आपोआप वळली. हेही वळण आपोआप घेतलं. ब्रेकही लागला. दिसतंय मला भाऊ, मी काय आंधळी आहे?

ते नंतरचं आहे. ते — हे बघा, पंखाने थोडं झालं, पण पुढे अडलं ना. पुन्हा भिंत, पुन्हा आत जाऊन निजणं. मग मीच धुंडाळत बसले, हे झोपले की. इथे ही चाकाची पट्टी, ती वाढवली की हात बोटभर हलला तरी गाडी हातभर वळते. मग ब्रेक स्वतःच लागणारा. आणि मग हे शेवटचं बटण, दाबलं की गाडीला रस्ता कळतो. म्हटलं, थोडे दिवस. हुरूप येऊ दे, मग एकेक काढून घेऊ. दर वेळी म्हणायची, उद्या काढते. आणि उद्या हे उठून म्हणायचे, आज एकदाही भिंत नाही लागली गं! शेजारच्या आजोबांना बोलावून दाखवलं. लेकीला फोन. शाळेला फोन — तो मला न विचारता केला हां, मी भाजी आणायला गेले होते. आले तर म्हणतात, सोमवारपासून चावी परत. त्या दिवशी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही मी. तर हे शर्ट शोधत होते कपाटात.

तुम्ही काही बोलू नका. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. बरा झालाय म्हटलं मी मघाशी, हो, तोंडावर म्हटलं, आणि अजून पाच मिनिटं तुम्ही गप्प बसला असतात तर तुमच्या खिशातली चावी यांच्या हातात पडलेली मी बघितलीही असती. बघितली असती का मी? तुमची धाकटी गाणं म्हणत मागे बसलीय आणि वळण आलंय आणि हात अजून झोपलेला — तिथे कुठलं बटण दाबणार आहे मी?

बाजूला व्हा. हे बंद करते. हे शेवटचं आधी, हे गेलं. ब्रेक — गेला. चाकाची पट्टी पहिल्या जागी. पंख राहू दे. स्प्रिंगही. तेवढं हक्काचं आहे, तेवढं कुणीही घेतं. आता लागली भिंत तर लागू दे, यांची यांना लागेल, आणि मी इथे शेजारी बसलेली असेन. शिव्या घालतील, स्टिअरिंग उपटतील, मला म्हणतील तू मला फसवलंस — म्हणू देत. उलट बोलणार नाही, एवढं काही कठीण नाही. कठीणच आहे, पण बघते. आणि उद्या त्या व्यायामाच्या बाईंना परत बोलावते, चेंडू दुसरा आणते, खिडकीला जाळी लावून घेते.

पण हे सांगणं तुमच्यासमोर नाही. उठा. चहा नाही मिळणार आज. ती चावी खिशात खोल ठेवा, बाहेर दिसायला नको. का नाही दिली, काय नाही दिली, ते मी सांगेन, माझ्या तोंडाने, तुम्ही मध्ये पडायचं नाही. जिन्यात भेटतील तुम्हाला, कठड्याला धरून चढत असतील, मदत करायला जाऊ नका, राग येतो. नुसतं म्हणा, दाढी झकास झालीय. बास. दुसरं काही नाही.

जा आता. दार उघडंच राहू दे.