पेत्रानचे गोल आणि माझे

(ऑक्टोबर २०१७, रविवार दुपार. कॅनडातल्या हॅमिल्टनमधल्या एका हॉस्पिटलची इमर्जन्सी वेटिंग रूम. चारुदत्तच्या सुजलेल्या उजव्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी. शेजारी त्याची बायको पद्मजा.)

पद्मजा : अकरा? चारू, तू शेजारच्या व्लास्ताआजीला अकरा गोल सांगितले?

चारुदत्त : हळू बोल की. समोरचा माणूस बोट कापून आलाय. त्याला तरी निवांत बसू दे.

पद्मजा : त्याला मराठी समजत नाही. खरे किती मारले?

चारुदत्त : एक.

पद्मजा : एक तरी मारला ना बाप्पा!

चारुदत्त : आमच्याच गोलमध्ये.

पद्मजा : अन् हे मला आज समजून राहिलं! एकोणनव्वद वर्षांच्या बाईला वॉकरसकट गाडीत बसवून मी ग्राउंडवर आणलं. म्हणे, चारूचा बारावा गोल मला डोळ्यांनी बघायचाय. मला वाटलं, म्हातारपणी काहीतरी भलतंच ऐकू आलं असेल.

चारुदत्त : ती कॉर्नरला ब्लँकेट पांघरून बसलेली दिसली, आणि पायात होता नव्हता तेवढा फुटबॉलही गेला. पुढचं तू बघितलंसच.

पद्मजा : बघितलं. समोर गोल रिकामा. गोलकीपर पडलेला. बॉल तुझ्या पायाशी.

चारुदत्त : आणि मी लाथ घातली ती सरळ जमिनीत. बॉल जागचा हलला नाही, मीच गेलो.

पद्मजा : पण खोटं कशापायी बोलायचं?

चारुदत्त : ठरवून नाही गं. मे महिन्यात आमच्या ओव्हर-फॉर्टी लीगची पहिली मॅच झाली. घरी आलो, ही पोर्चवर बसलेली. मला बघून म्हणाली, 'डिड यू स्कोअर?' खरं सांगणार होतो, पण तोंडातनं 'येस, वन' निघून गेलं. बाईचा चेहरा असा उजळला म्हणतेस! आत गेली आणि वडिलांचा फोटोच घेऊन आली.

पद्मजा : तो मिशीवाला? गुडघ्यापर्यंत चड्डी?

चारुदत्त : तोच. अलोईस पेत्रान. शंभर वर्षांपूर्वी प्रागमध्ये लोक त्याचा खेळ बघायला मैलमैल चालत यायचे म्हणे. बाप बिअरची लाकडी पिंपं बनवायचा. दुकानामागच्या बोळात चिंध्यांचा चेंडू मारत हा मोठा झाला. सतराव्या वर्षी क्लबनं घेतला, कारण त्यांच्या सेंटर फॉरवर्डला कांजिण्या झाल्या होत्या. पहिल्याच मॅचला चार गोल!

पद्मजा : अन् कोल्हापुरात तुला पेठेच्या टीमनं कशाला घेतलं होतं?

चारुदत्त : पाण्याच्या बाटल्या भरायला माणूस नव्हता.

पद्मजा : खरं बोलून राहिला आज. डॉक्टरला बोलावते.

चारुदत्त : ऐक तर. त्या काळी खेळायचे पैसे नव्हते. आठवडाभर पिंपं ठोकायची आणि रविवारी गोल मारायचे. चामड्याचा बॉल पावसात भिजला की दगड व्हायचा. त्याच्या वादीनं कपाळ फाटायचं, तरी हा हेडिंग करायचा. चारशेच्या वर गोल मारले. व्हिएन्नाच्या एका क्लबनं नोकरी आणि खोली देऊ केली. आई आजारी, म्हणून गेला नाही.

पद्मजा : आपण दोघं तर आयांना तिकडे सोडून आलो.

चारुदत्त : हं. मग पहिलं महायुद्ध लागलं. प्राग तेव्हा ऑस्ट्रियाच्या राज्यात. ऑस्ट्रियाच्या फौजेत उचलून नेला, बर्फाच्या डोंगरात. उजव्या पायाची तीन बोटं गोठली. कापावी लागली.

पद्मजा : अगं बाई! उजव्याच पायाची?

चारुदत्त : ज्या पायानं सगळे गोल मारलेले, त्याच. परत आला तर चौतिशीचा. डॉक्टर म्हणाला, चालता आलं तरी देवाचे आभार मान. यानं काय केलं? एक अख्खा हिवाळा दुकानाच्या भिंतीवर डाव्या पायानं बॉल मारत बसला. आणि पुढची तीन वर्षं खेळला परत. सत्तर गोल. डाव्या पायानं!

पद्मजा : मग? नंतर?

चारुदत्त : नंतर ट्रॅमचा कंडक्टर. लग्न उशिरा, ही व्लास्ता त्याहून उशिरा. लहान असताना ट्रॅममध्ये मागच्या सीटवर बसून बापाबरोबर फिरायची. एकदा एक माणूस चढला आणि सगळ्यांना ओरडून सांगायला लागला, 'मी पेत्रानला बघितलंय! एका मॅचमध्ये सात गोल!' आणि पेत्रान त्याच्यासमोर उभा, तिकीट देतोय. पोरगी उड्या मारायला लागली. बापानं तोंडावर बोट ठेवलं. घरी जाताना हिनं विचारलं, सात मारले होते? तर म्हणाला, 'चारच. पण त्या माणसाला तिकिटाबरोबर तीन गोल जास्त मिळाले, ट्रॅम कंपनीचं काय जातंय?'

पद्मजा : मोठा माणूस रे.

चारुदत्त : तेच तर. मी गोल सांगितला की ती अशी एक गोष्ट सांगायची. एका रविवारी खरं बोललो, नाही झाला म्हणून. तर हवामानावर बोलली आणि आत गेली. पुढच्या रविवारी मी दोन सांगितले.

पद्मजा : लहान पोराच्या वरताण आहेस.

चारुदत्त : तिच्या वडिलांचं ऐकलं की मला माझे आठवायचे. अण्णा माझ्या प्रत्येक मॅचला यायचे गं. कोल्हापुरात, स्टेडियममध्ये, टोपी घालून. मी कायम बेंचवर. घरी जाताना म्हणायचे, 'आज छान बसलास.' त्यांना एक गोल सांगता आला नाही मला. शेवटच्या आजारपणात इथनं जातासुद्धा आलं नाही. मग हिनं विचारलं की... निघून जायचं तोंडातनं.

पद्मजा : हे मला कधी बोलला नाहीस.

चारुदत्त : पाय नव्हता मोडला ना तोपर्यंत.

पद्मजा : मी गाडी आणायला गेली तेव्हा आजी तुझ्या कानात काय बोलली?

चारुदत्त : मी चिखलात आडवा. वॉकर ढकलत आली, वाकली आणि म्हणाली, 'लेफ्ट फूट, चारू. लेफ्ट.' अजून विश्वास आहे बिचारीचा. आता कसं सांगू तिला?

पद्मजा : सांगायला नको. तुला तुमच्या टीममधल्या राकेशच्या गाडीत घातल्यावर मी तिला घरी सोडून आली नं? रस्ताभर हसून राहिली होती. तिला मे महिन्यापासून माहीत आहे.

चारुदत्त : काय?

पद्मजा : म्हणे, गोल मारून आलेला माणूस गाडीचं दार एवढं हळू लावत नाही.

चारुदत्त : मग आज बारावा गोल बघायचाय म्हणून कशाला आली?

पद्मजा : मरायच्या आधी एकदा मैदानाच्या कडेला बसायचं होतं तिला. तुझ्या खऱ्या गोलाची वाट बघितली असती तर बर्फ पडला असता.

चारुदत्त : आणि सगळा उन्हाळा बोलली नाही?

पद्मजा : मीही हेच विचारलं. म्हणाली, नवरा गेल्यापासून बारा वर्षं बाबांचं नाव घेतलं नव्हतं. घ्यायचं कोणाजवळ? तू दर रविवारी येऊन उभा राहायचास.

चारुदत्त : आता दोन महिने तरी मॅच नाही. कुठल्या तोंडानं जाऊ तिच्या दारात?

पद्मजा : लंगडत जा. पेत्रानचं लग्न सांगायचं राहिलंय म्हणे अजून.