माझ्या डब्याले कंपनीचं कुलूप

नाही, तुम्हीच मले सांगा, कुलूप माणूस कोणाच्या दाराले लावते? आपल्या ना? मी माझ्या दाराले लावीन, तुम्ही तुमच्या दाराले लावान. पण सीताबर्डीचा एक दुकानदार माझ्या घरच्या डब्याले कुलूप लावते, किल्ली ठेवते दिल्लीच्या कंपनीजवळ, अन् वरतून मलेच हात जोडून म्हणते, "धन्यवाद, पुन्हा या"... याले काय म्हणाव? हसू नका. तुमच्या डब्याले लागलं नाही म्हणून तुमाले हसू येऊन राहिलं. मी त्या दत्तोपंताले सोडणार नाही, सांगून ठेवतो.

डबा म्हणजे कोणता, तं टीव्ही-गेमचा. बाजीगर नाव त्याचं. टीव्हीले वायर जोडायची, डब्याच्या खाचेत कॅसेट खोचायची, हातात दांडी धरायची अन् पडद्यावर जे काही पळून राहिलं त्याले पळवायचं. गाण्याची कॅसेट नाही हो, ही जाडी राहते, हिच्या पोटात चिप राहते. अन् कंपनीच्या कॅसेटीत काय राहते? विमान राहते. विमानानं विमान पाडायचं. दुसरी आणली तं त्यात जहाज, जहाजानं जहाज पाडायचं. आता नागपूरच्या महाल मोहल्ल्यातल्या माणसानं विमान पाडून जावं कुठी?

मी कॉलेजात लॅब असिस्टंट. पोट्टे प्रयोग करतात अन् जळलं ते मी बदलतो, असं आमचं शास्त्र. तं एक दिवस डोक्यात आलं, कंपनीच्या कॅसेटीत चिप आहे, बाजारात कोऱ्या चिपा भेटतात, कॉलेजात कॉम्प्युटर आहे, मग आपण आपलाच गेम काहून बनवू नये? चिपा मी स्वतः इतवारीच्या बाजारातून आणल्या, लॅबमधल्या उचलल्या नाहीत. मले चोर म्हणायची घाई करू नका, ते काम करणारे पुढे भरपूर येतात.

गेम कोणता? तर तान्हा पोळा, मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोट्ट्यायचा सण. लाकडाचा नंदी महालाच्या गल्लीतून पळते, सायकलरिक्षा चुकवते, शेणावर घसरते, अन् घराघरातून बोजारा गोळा करते. पोट्टे नंदी घेऊन दारात आले का आपण हातावर खाऊ ठेवतो ना, तो बोजारा. आता नंदी थोडा बकरीसारखा दिसे, मी कबूल करतो. चार ठिपक्यांत तुम्ही नंदी काढून दाखवा, मग बोला. पण पळे कसा! अन् सुरुवातीले पडद्यावर नाव येत होतं, इंग्रजीत, ढोमणे, महाल.

सगळा उन्हाळा गेला त्याच्यात. कारण कसं राहते, त्या चिपेच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी राहते. आत लिहिलेलं चुकलं का तिले ऊन दाखवायचं, आतलं पुसल्या जाते, पुन्हा लिहायचं. बाहेरगावचे लोक म्हणे त्याच्यासाठी मशीन घेतात. आपल्याले मशीन कायले पाहिजे? नागपूरचं ऊन आहे ना, जे माणसाच्या डोक्यातलं पुसून टाकते, ते चिपेतलं ठेवते काय? मी चिपा गच्चीवर नेऊन ठेवल्या, तिथं आमच्या शामलानं कुरडया घातल्या होत्या. ती खाली येऊन म्हणते, "अहो, माह्या कुरडयांत हे पायवाले किडे कोणी सोडले?" म्हटलं, "किडे नाही वं, प्रोग्राम आहे तो." तं म्हणते, "मग पाखरं तुमचा प्रोग्राम टिपून नेतील, मी राखण बसू काय?" बसली बिचारी. छत्री घेऊन बसली. त्या गेममध्ये तिचंही ऊन आहे, म्हणून मले जास्त लागते.

अन् हे सगळं कोणासाठी? तर मामाजीसाठी. आमचे सासरे आनंदराव, रामटेकचे, रिटायर हेडमास्तर. लग्न जुळवताना त्यानं विचारलं होतं, "लॅब असिस्टंट म्हणजे प्रोफेसर का?" अन् आमच्या मध्यस्थानं सांगितलं, "जवळपास." तेव्हापासून तो माणूस माझ्याकडे पाहते तं जवळपासच पाहते, सरळ पाहत नाही. पोळ्याले मुलीकडे येणार होते. म्हटलं, तान्ह्या पोळ्याच्या आधी याच्यापुढे आपला नंदी पळवायचा, पडद्यावर ढोमणे महाल येऊ द्यायचं, अन् म्हातारा एकदा तरी म्हणाला पाहिजे का जावई कामाचा निघाला. एवढंच. याच्यावर मी काही मागितलं काय?

तं पोळा चार-आठ दिवसावर आला अन् दत्तोपंतानं दुकानापुढे कापड बांधलं, बाजीगर मोफत सर्व्हिस कॅम्प. खाली लिहिलं, येणाऱ्यांस तर्री-पोहे. आता तुम्ही नागपूरचे आहात, तुमच्यापाशी काय लपवू? माझा डबा टणाटण होता. त्याले काही झालं नव्हतं. पण मोफत म्हटल्यावर, अन् त्याच्यावर तर्री, माणूस चांगला डबा घरी ठेवून कसा बसेल? मी नेला. दत्तोपंत ते साखरेत घोळलेलं बोलते ना, "या या ढोमणेसाहेब, काय त्रास देतो आहे आपला बाजीगर?" आता काही तरी त्रास सांगणं भाग होतं. म्हटलं, "थोडा कण्हते." "अरेरे, कण्हतो का? आपण त्याचं अंतरंगच नवीन करून देऊ, कंपनीची नवी चिप आली आहे." मी म्हटलं, करा. मी पोहे खाऊन राहिलो होतो, तर्री अशी लाल, नाकातून पाणी येऊन राहिलं होतं, अन् तिकडे माझ्या डब्याचं पोट फाडून त्यानं जुनी चिप काढली अन् नवी बसवली. मी दुसरी प्लेट मागितली. त्यानं ती पण दिली, अन् वर शेव जास्त टाकली. काहून टाकली ते मले आता समजते. त्याले मी सोडणार नाही.

पोळ्याच्या संध्याकाळी मामाजी बैठकीत बसले, गल्लीतले पोट्टे जमले, शामलानं पुरणपोळीचा हात पुसून टीव्ही लावला. मी कॅसेट खोचली, बटन दाबलं, अन् पडद्यावर नंदी नाही, ढोमणे नाही, महाल नाही. एक मोठं कुलूप, अन् खाली इंग्रजीत एक ओळ. मी कॅसेट काढली, फुंकली, सदऱ्याले पुसली, पुन्हा खोचली. कुलूप. मामाजीनं चष्मा चढवला अन् वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं, मग पोट्ट्यांकडे वळून अर्थ सांगितला, "अनऑथोराइज्ड. म्हणजे अनधिकृत. म्हणजे बेकायदेशीर." मग माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदा सरळ पाहिलं. "जावईबापू, हे चोरीचं आहे काय?" शामला म्हणते, "बाबा, त्याहीनं स्वतः बनवला, मी राखण बसली होती." तं म्हातारा म्हणते, "चोरीच्या मालाजवळ कोणी तरी राखण बसतेच, बेटा."

सांगा, असा शब्द ऐकून घरात बसवते? मी डबा उचलला अन् सणाच्या दिवशी दुकान उघडायले लावलं.

दत्तोपंत म्हणते, "अहो ढोमणेसाहेब, लोक आमच्या कॅसेटींच्या नकला काढतात, चोरून विकतात. म्हणून नव्या चिपेत कुलूप. कंपनीचीच कॅसेट चालेल." म्हटलं, "मी नक्कल नाही काढली, माझा गेम मी बनवला." तं त्याचे डोळे मोठे झाले, "स्वतः बनवलात? कंपनीला न विचारता? मग तर ते जास्तच गंभीर!" घ्या! म्हणजे चोरी केली असती तं साधा गुन्हा होता, डोकं चालवलं म्हणून गंभीर झाला. म्हटलं, "दत्तोपंत, माझ्या घरी पाटा-वरवंटा आहे. बायको त्याच्यावर शेंगदाण्याची चटणी वाटते. पाथरवटाले विचारून वाटते काय?" तो म्हणते, "पाट्याची गोष्ट वेगळी आहे." काहून वेगळी? तं म्हणे, "पाट्यात चिप नसते." या माणसाशी वाद घालाव का त्याचं डोकं पाट्यावर ठेवाव? बरं, म्हटलं, माझी जुनी चिप वापस दे. ती दिल्लीले गेली. माझ्या डब्याच्या पोटातली, माझ्या पैशाची चिप, मले न विचारता दिल्लीले गेली, अन् अनधिकृत कोण? मी!

तिथून आलो पानठेल्यावर. तिथं न्यायालय भरलंच राहते. ठेलेवाला नानाजी खर्रा घोटत म्हणते, "कंपनीचं बी खरं आहे गा, त्याहीचं पोट आहे." दुसरा म्हणते, "डबा विकला म्हणजे विकला, मुलगी दिल्यावर बाप तिच्या सैपाकघराले कुलूप लावते काय?" अन् तिसरा, देवराव. हा देवराव आमच्या गल्लीत व्हिडिओ कॅसेटी भाड्यानं देते, अन् मागच्या खोलीत बाजीगरच्या नकला काढते. सगळ्या महालाले माहीत आहे. ज्या चोरासाठी हे कुलूप आणलं तो चोर हाच, अन् हा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणते, "भाऊ, मी चोर, तुम्ही साव. कुलूप दोघाले. मग साव राहून तुमचा फायदा काय झाला?" मी त्याचा हात झटकला. म्हटलं, "मले तुह्या रांगेत उभा करू नको." तं तो बिलकुल रागावला नाही. म्हणते, "मी नाही केलं भाऊ, दत्तोपंतानं केलं." खरं होतं हो ते.

मग मी ठरवलं, दत्तोपंताचा बडग्या करायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या महालातून मारबत निघते, तिच्यासंगे ज्यानं ज्यानं जनतेले छळलं त्याचे पुतळे, म्हणजे बडगे, निघतात, लोक शिव्या देतात अन् शेवटी जाळतात. सूड घ्यायची एवढी चांगली सोय दुसऱ्या कोणत्या शहरात आहे सांगा? मी बांबू आणला, तणस भरलं, दत्तोपंताचं ते गोड तोंड रंगवलं, गळ्यात कुलूप लटकवलं. पण लोकाले समजलं पाहिजे ना शिवी कोणाले द्यायची? म्हणून छातीवर पाटी लावली. दुकानाचं पूर्ण नाव, सीताबर्डीचा पत्ता, अन् खाली मोठ्या अक्षरात, मोफत सर्व्हिसच्या नावाखाली जनतेचा घात, तर्री-पोहे देऊन फसवणूक.

गर्दी किती! "घेऊन जा गे मारबत" असा आवाज उठून राहिला, मी पुढे होऊन ओरडून राहिलो, घसा बसला. लोक पाटी वाचत. पण वाचता वाचता गर्दीत माणसं किती वाचतात? "मोफत सर्व्हिस" एवढं वाचतात, "तर्री-पोहे" एवढं वाचतात अन् मग पत्ता वाचतात. माझ्या कानाजवळ एक बाई नवऱ्याले म्हणते, "अहो, आपला बी डबा नेऊन टाका ना, फुकट आहे." अन् कोपऱ्यावर दत्तोपंत स्वतः उभा, हात जोडून, आपलाच पुतळा जळायले चालला त्याले नमस्कार करून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानापुढे रांग. आलेल्या सगळ्या डब्यायले कुलूप. माझ्या बडग्यानं!

मामाजी परत जायले निघाले. शामला डोळे पुसून म्हणाली, "बाबा मनात तेच घेऊन जातील. एकदा तरी दाखवा ना, कसंही करून." कसंही करून म्हटल्यावर मी कुठी जाणार? देवरावाकडे गेलो. मान खाली घालून गेलो. तो म्हणते, "या भाऊ. कुलूप उघडलं मी." काही नाही केलं त्यानं, एक खोबण बनवली, वरतून कंपनीची खरी कॅसेट खोचायची, खालून आपली. डबा खरीले विचारते, खरी हो म्हणते, चालते नकली. म्हटलं, "मले खोबण दे." तं म्हणे, "सुटी नाही भेटत, माझ्या कॅसेटीले पक्की डाक देऊनच भेटते, खालून दुसरी बसत नाही. खूप गेम आहेत हिच्यात. हा पाहा, नवा आला, पोट्टे वेडे होऊन राहिले." त्यानं लावला. गल्ली. सायकलरिक्षा. शेण. अन् बकरीसारखा नंदी.

उन्हाळ्यात त्यानं पाहायले म्हणून माझी कॅसेट एक दिवस नेली होती. अन् आता पडद्यावर सुरुवातीले नाव येत होतं, देवराव, महाल.

मी ती घेतली. काय करू? माझा गेम दुसऱ्या कोणत्या कॅसेटीत चालतच नव्हता. घरी लावली, तं मामाजी दांडी सोडेनात. म्हाताऱ्याची बस गेली, तरी नंदी पळवून राहिला, बोजारा भेटला का मांडीवर थाप मारून राहिला. शामला म्हणते, "बाबा, हाच तो, याहीनं बनवलेला!" मी म्हटलं, "हाव मामाजी, हा माझा आहे." मामाजीनं पडद्यावरून नजर काढली नाही. म्हणाले, "तुमचा मी त्या दिवशी पाहिला, जावईबापू. तो चालत नव्हता. हा चालते. माणसानं दुसऱ्याच्या मेहनतीवर आपलं नाव लावू नये."

अन् मग म्हणाले, रामटेकले शेजाऱ्याकडे बाजीगर आहे, एक तिथं न्यायले आणा. तं गेलो मी पुन्हा देवरावाकडे, दुसरी घ्यायले. त्यानं माझ्याकडे संशयानं पाहिलं, कॅसेट कागदात बांधली, अन् माझ्या हाती देता देता हळूच म्हणाला, "भाऊ, तुमच्याजवळ कॉलेजचा कॉम्प्युटर आहे म्हणून सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. याच्या कॉप्या काढू नका. मेहनतीचं काम आहे."

म्हटलं, "नाही काढत."