न्हाणीत घसरला म्हणे

तुरुंगाबाहेर भेटीच्या रांगेत माझ्यापुढे नागभीडकडच्या अंजनाबाई होत्या. त्यांच्यापुढे उर्वशी नावाची तरुण बाई.

"माह्या पोराचा, मिथुनचा, हात मोडला. न्हाणीत घसरला म्हणून सांगून राह्यले," अंजनाबाई तिला म्हणाल्या.

"माहा भाऊबी तिथंच घसरला होता, बाई. दोन दात पडले त्याचे."

"एवढं शेवाळ हाये का तिथं?"

"मलेबी शंका आली. माहितीच्या अधिकारात अर्ज केला, कॅमेऱ्यातलं दाखवा म्हणलं."

"मंग?"

"लिहून आलं, त्या दिवशी कॅमेरा बंद होता."

"असंन बंद."

"असंन. पण घाईत माह्या अर्जात तारीख लिवाचीच राह्यली होती."

अंजनाबाईंनी पिशवीतून कागद काढला.

"पोरी, माहाबी अर्ज लिहून दे. अन् तारीख नोको टाकू."